जुवाचं माप

पेणला जाताना हैबतरावांनी मिनिडोरच्या टपावर बैलांचं जू बांधून घेतलं, तेव्हाच चंद्रावतीला वाटलं, आज चार लोकांत आपलं हसं होणार.

"काका, माझ्याकडे टेप आहे," ती हळूच म्हणाली होती.

"तुझी टेप ब्लाउजं बेतायची गो," हैबतराव दोरीला गाठ मारत म्हणाले. "ह्ये शेताचं माप हाय."

चुलतसासऱ्यांशी वाद घालायचा नाही, हे ती पाच वर्षांत शिकली होती. ती मुकाट आत जाऊन बसली. मिनिडोर, म्हणजे मोठी प्रवासी रिक्षा, हैबतरावांच्या मुलाची, पोपटची. एरवी ती रोहा ते अष्टमी फेऱ्या मारायची. आज दोन्ही घरं तिच्यात कोंबून बसली होती. समोर सासूबाई, कृष्णाबाई. मांडीवर चार वर्षांची बायजा. आणि शेजारी महिपती. सकाळी सातला धाटावच्या कंपनीतली रात्रीची तिसरी शिफ्ट संपवून घरी आला, आंघोळ केली, चहा प्याला आणि निघाला. वरसे गाव सुटायच्या आत त्याचं डोकं लोखंडी दांड्याला टेकलं होतं. खड्डा आला की डोकं आपटायचं आणि तरी त्याला जाग येत नव्हती. चंद्रावतीनं दांडा आणि त्याचं डोकं यांच्या मधे आपला तळहात धरला आणि नागोठण्यापर्यंत तसाच ठेवला.

दिवाळीत शेवटचा बैल गेला होता. दोन्ही घरांची मिळून साडेतीन एकर भातखाचरं. मधे एक बांध, तो वाटणीच्या वेळचा. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर असल्या खाचरांत वळत नाही. शेजारच्या सामाजींच्या शेतात तर केव्हाच चार मजली इमारत उभी राहिली होती, आणि तिचा बिल्डर ह्यांचीही जमीन मागायला महिन्याआड येऊन चहा पिऊन जायचा. पौषात कालव्याच्या पाण्याची पाळी यायची, चार दिवसांची. त्या चार दिवसांत चिखल झाला तर उन्हाळी भात. नाही झाला, तर बिल्डरच्या चहात आणखी एक चमचा साखर.

म्हणून दोन घरांत मिळून एक छोटा ट्रॅक्टर. स्वस्तातला.

पेणच्या दुकानाच्या आवारात दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते. लाल होता तो बुटका, अरुंद, पंधरा हॉर्सपॉवरचा. निळा त्याच्याहून हातभर लांब, बावीसचा, पुढून बघितला तर छाती काढून उभा राहिल्यासारखा. दुकानातला गुणाजी दोघांच्या मधे उभा राहून बोलायला लागला, आणि महिपतीची झोप कुठल्या कुठे गेली. तो निळ्याभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, आणि चंद्रावतीला लग्नाआधी मोटरसायकल दाखवायला आलेला तो आठवला.

"आधी चिखलाची चाकं लाव," हैबतराव म्हणाले. "रबरावर मी माप घेनार नाय."

गुणाजीनं माणसं बोलावून दोन्ही ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं चढवली. मग पोपटनं टपावरून जू उतरवलं.

"हे काय काका?"

"जू."

"ते दिसतंय हो. पण कशाला?"

"आमच्या शेताच्या तोंडाशी दोन उभे दगड हायत. मी आनि माझ्या भावानं वाटनीच्या दिवशी रोवलेले. एक त्याचा, एक माझा. ह्ये जू त्या दगडांमधनं पार जातं. जुवाच्या आतला ट्रॅक्टर आमच्या शेतात जातो, भायरचा नाय जात. सरळ हिशेब."

गॅरेजातली पोरं हसली. एकजण म्हणाला, "आता बैलाचं लायसन पण दाखवा!" हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी जुवाचं एक टोक धरलं आणि दुसरं धरायला कोणी आहे का म्हणून मान वळवली. हसणाराच पुढं आला. दोघांनी जू निळ्याच्या चाकांसमोर आडवं धरलं. मानेच्या घामानं काळं-तुळतुळीत झालेलं ते लाकूड त्या कोऱ्या रंगापुढं आलं, आणि कोण जाणे का, आवारातलं बोलणं थांबलं. लाल ट्रॅक्टर वीतभर राखून आत बसला. निळा अंगठाभर राखून.

"बसला!" महिपती ओरडला. "काका, निळा बसला!"

"बसला," हैबतराव म्हणाले. त्यांनाही आनंद झालेला दिसला. लाल त्यांना बहुधा वासरासारखा वाटत होता.

"आई, मला बसायचंय," बायजानं लालकडे बोट केलं. चंद्रावती तिला घेऊन वर चढली. बसल्यावर सहज तिचा डावा पाय खाली गेला आणि क्लचवर टेकला. ती चमकली. तिनं दाबून पाहिलं. पूर्ण दाबला गेला. मग बायजाला खाली देऊन, कोणाचं लक्ष नाही असं बघून, ती निळ्यावर चढली. तिथं बोटांच्या टोकापर्यंत पाय ताणला तरी पॅडल अर्ध्यातच राहत होतं.

"वहिनींना फोटो काढायचाय का?" गुणाजीनं विचारलं.

"नाही," ती उतरत म्हणाली. "दोघांची माहितीपुस्तकं द्याल?"

तिकडे अर्जाचं चाललं होतं. "अर्ज आजींच्या नावावर करा," गुणाजी सांगत होता. "बाईमाणसाला अनुदान जास्त आहे."

"म्हंजे कागदावर मी ट्रॅक्टरवाली?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"हो आजी."

"आनि शिटावर?"

"शिटावर आपले महिपतीशेठ!"

सगळे हसले. चंद्रावती हसली नाही. कार्तिकात महिपतीची मोटरसायकल वरशाच्या वळणावर कुंपणात गेली होती. खांदा सोलवटला, हेडलाइट फुटला. कुत्रं आडवं आलं, असं त्यानं घरात सांगितलं. खांद्याला हळद लावताना तिला मात्र खरं सांगितलं. कुत्रं नव्हतं. काहीच नव्हतं. डोळे उघडे होते आणि तो झोपला होता. "आईला सांगू नको," एवढंच म्हणाला होता.

तिनं नव्हतं सांगितलं. पण तेव्हापासून तिसऱ्या शिफ्टच्या सकाळी सव्वासातला ती ओट्याशी उभी राहून कान देऊन असायची. आता ह्याच शिफ्टवरून उतरून हा माणूस चिखलात, बांधाच्या कडेनं, सव्वा टनाच्या यंत्रावर बसणार होता.

---

तिसऱ्या दिवशी, पाण्याच्या पाळीच्या पहिल्याच सकाळी, गुणाजी दोन्ही ट्रॅक्टर टेम्पोतून घेऊन आला. चालवून बघा, मग ठरवा, असं त्याचं म्हणणं. खाचरांत घोट्याच्या वर पाणी उभं होतं, आणि बगळे आधीच येऊन बसले होते.

हैबतराव दगडांपाशी उभे राहिले. आजचा मान त्यांचा होता. छत्तीस वर्षांपूर्वी ह्याच जागी थोरल्या भावाबरोबर त्यांचं शेवटचं भांडण झालं होतं, आणि भांडण मिटवायला म्हणून दोघांनी हे दगड रोवले. त्यानंतर भाऊ त्यांच्याशी बांधावरूनच बोलायचा. तो गेला, दगड राहिले. खाली पसरट, वर निमुळते, दोन पुरुषांनी समोरासमोर बसकण मारावी तसे.

"येऊ दे," त्यांनी हात केला.

निळा आला. गुणाजी चालवत होता. पुढची चाकं सहज गेली. मागची लोखंडी चाकं दगडांपाशी आली आणि खणकन आवाज झाला. दोन्हीकडून. ट्रॅक्टर थांबला.

"जातोय, जातोय. जरा उजवीकडं घे," हैबतराव म्हणाले.

"उजवीकडं दगड आहे, काका."

"मग डावीकडं घे."

"डावीकडं पण दगडच आहे."

पोपट हसला. हैबतराव घरी जाऊन जू घेऊन आले. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. ट्रॅक्टर मागं घ्यायला लावून त्यांनी जू दगडांच्या मधे धरलं, नेहमीच्या उंचीवर, बैलांच्या मानेच्या. ते पार गेलं. दोन्हीकडं जागा राखून गेलं.

"खाली धरा काका," चंद्रावती म्हणाली. "चाकं जमिनीवरून जातात. जू मानेवरून जातं."

त्यांनी जू खाली आणलं. गुडघ्याशी आल्यावर दोन्ही टोकं दगडांना लागली. खाली जाईनाच.

हैबतराव वाकलेल्या अवस्थेतच राहिले. मग त्यांना आठवलं. दगडांपाशी आलं की पोवळ्या नेहमी थबकायचा, ढवळ्या एक पाऊल पुढं टाकायचा, आणि मग दोघं अंग तिरकं करून, पाय आतल्या आत घेत निघायचे. त्यांच्या आधीची जोडीही तशीच. त्यांच्याही आधीची. आपण मागून शिव्या देत होतो, की मेल्यांनो, इथंच का रेंगाळता.

"छत्तीस वर्सं," ते पुटपुटले. "छत्तीस वर्सं बैल अंग चोरून चालले. बोलले नाय गो कधी."

पोपटचं हसू मावळलं होतं.

"दगड काढू या," महिपती म्हणाला. तो तासाभरापूर्वी शिफ्टवरून आला होता. डोळे लाल, पण नजर निळ्यावर. "एकच काढला तरी जाईल."

"कुनाचा?" पोपटनं लगेच विचारलं. "तुमचा काढा. निळा तुला पायजे."

"ट्रॅक्टर दोघांचा आहे, पोपट."

"ट्रॅक्टर दोघांचा. पन दगड गेला की हद्द कुनाची सरकनार? माझ्या बापाची ना?"

"तुला हद्द कशाला रे? शेतात कधी पाय तरी टाकलास?"

"नाय टाकला. म्हनून सरकवायची?"

दोन भाऊ जिथं उभे राहिले होते, बरोबर तिथंच त्यांची मुलं उभी होती. आवाजही तेच. कृष्णाबाईंनी पदर दातांत धरला, आणि हैबतरावांना ते दिसलं. वाटणीच्या दिवशीही वहिनी अश्शाच उभ्या होत्या.

ते शेतावरच्या झोपडीकडं गेले, पहार घेऊन आले आणि स्वतःच्या दगडाच्या बुडाशी घातली.

"बाबा! अवो, काय करताय?"

"माप माझं चुकलं. दगड माझा जाईल," हैबतराव म्हणाले. "बघत काय ऱ्हायलायस? जोर लाव."

दगड तिसऱ्या हिसक्याला सुटला. आडवा पडला तेव्हा खालची ओली, काळी जागा उघडी पडली आणि तिच्यातून एक खेकडा घाईघाईनं निघून पाण्यात गेला. छत्तीस वर्षांचं भांडण इतक्या थोड्या वेळात उपटलं जातं, हे बघून चंद्रावती थक्क झाली. आणि पुढच्याच क्षणी तिनं वळून महिपतीकडं पाहिलं. आता निळ्याला अडवायला काहीच उरलं नव्हतं.

---

"मीच चालवतो," महिपती म्हणाला.

"आधी मी एक राउंड मारून दाखवतो ना," गुणाजी म्हणत होता, पण महिपती चढून बसलासुद्धा.

"अहो, थोडं झोपून मग चालवा," चंद्रावती जवळ येऊन म्हणाली. फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

"सगळे बघतायत, चंद्रा."

"म्हणूनच हळू बोलतेय."

त्यानं मान फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि त्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकायचं राहिलं नाही.

निळा पाण्यात उतरला. महिपतीला ते फार सुंदर वाटलं. मागचा रोटर फिरायला लागला तसं पाणी आणि माती एक होऊन त्याच्या मागं दाट, चकचकीत, ताकासारखं पसरत गेलं. बैलांना ज्याला अर्धा दिवस लागायचा तेवढा पट्टा तो पाच मिनिटांत करून आला. बगळे उडाले, घिरटी घेऊन पुन्हा मागं बसले. बांधावर बायजा टाळ्या वाजवत होती. बापाच्या शेतात आपण असे उंच बसलोय, आणि खाली सगळं आपल्या हाताखाली मऊ होतंय. हे बाबांना दाखवायला हवं होतं.

"मधे जाऊ नको!" हैबतराव ओरडत होते. "मधे उपळा हाय! खालनं पानी येतं तिथं, तळ नाय!"

त्यानं हात हलवला. ऐकलं होतं की नाही, हे त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. इंजिन एका सुरात चालत होतं. अगदी एका सुरात, कंपनीतल्या पंपासारखं. समोरच्या पाण्यावर ऊन लुकलुकत होतं, आणि त्याला वाटलं हिरवा दिवा लागलाय, म्हणजे टाकी भरली, म्हणजे आता वीस मिनिटं काही नाही...

मागची चाकं खाली गेली.

तो दचकला आणि शिफ्टवरचा माणूस जे करतो ते त्यानं केलं. यंत्र थांबतंय, म्हणजे जोर वाढवा. त्यानं ॲक्सिलरेटर पुरा ओढला. मागची चाकं रुतलेली, ती फिरेनात. मग ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरायला लागला. समोरचं निळं बॉनेट वर येऊ लागलं. आधी हळू, घोड्यानं मान उचलावी तसं. मग त्याच्यापलीकडचं शेत दिसेनासं झालं, झाडं दिसेनाशी झाली, आणि समोर नुसतं आकाश आलं.

"क्लच!"

तो आवाज त्याला ओळखू आला नाही. त्या आवाजात चंद्रा कधी बोललीच नव्हती.

"क्लच दाबा! डावा पाय! दाबा!"

पाय त्याच्याआधी शहाणा झाला. त्यानं दाबला. बॉनेट क्षणभर वरच थांबलं, आणि मग धाडकन खाली आलं. चिखलाचा लोट दोन्ही बाजूंना उडाला. गुणाजी मांडीएवढ्या चिखलातून धडपडत आला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

शेत एकदम शांत झालं. पलीकडच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली, ती सगळ्यांना ऐकू आली.

महिपती उतरला. मांडीपर्यंत चिखलात उभा राहिला. बांधावर चंद्रावती बायजाला पोटाशी घट्ट धरून उभी होती; तिचे ओठ पांढरे पडले होते. ती काही बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. तिनं दोन महिने त्याचं खोटं सांभाळलं होतं, आणि आत्ताही सांभाळलं असतं. गुणाजी म्हणत होताच, "होतं असं, उपळ्यात कोणाचंही होतं." पोपट मान डोलावत होता. एवढं पुरेसं होतं. ह्यावर सगळं झाकलं गेलं असतं.

"आई," महिपती म्हणाला. "वरशाच्या वळणावर कुत्रं नव्हतं आडवं आलं."

कृष्णाबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"मी झोपलो होतो. आत्तापन झोपलो होतो. डोळे उघडे ठेवून." त्यानं मानेनं चंद्रावतीकडं दाखवलं. "तिला सगळं म्हाईत हाय. मीच बोलू नको म्हनालो."

कंपनीत गेल्यापासून तो घरात असं गावचं बोलला नव्हता. चंद्रावतीला रडू आलं नाही. तिला भीतीच वाटली, देवळात गाभाऱ्याचं दार अचानक उघडलं की वाटते तशी. बांधावर आईसमोर, काकांसमोर, पोपटसमोर इतकं उघडं होऊन उभं राहणं. हे ह्या माणसात होतं, आणि आपण फक्त त्याची झोप मोजत बसलो.

---

कृष्णाबाईंनी मुलाला काही म्हटलं नाही. घोंगडी आणायला पोपटला पाठवलं. मग बांधावर बसल्या आणि पाण्याकडं पाहत विचार करू लागल्या. त्या विचार करत असल्या की कोणी बोलत नसे. हे त्या घरात त्यांनी सांगितलेलं नव्हतं, तसं होत आलं होतं.

पाण्याची पाळी चार दिवसांची. महिपतीच्या तिसऱ्या शिफ्टचे अजून तीन दिवस. भावजींचे गुडघे गेलेले. पोपट चिखलात पाय घालणार नाही, आणि घातला तर शेजाऱ्याच्या शेतात जाईल.

"चंद्रावती," त्या म्हणाल्या, "क्लच तुला कसा गो ठाऊक?"

"पुस्तकात होतं, आई. रुतल्यावर जोर दिला तर पुढून उठतो, असं. दोन्ही पुस्तकं वाचली मी."

"दोन्ही?"

"दोनदा."

"आनि पाय पोचतो तुझा? त्या दिवशी दुकानात चढून बघत व्हतीस ती."

चंद्रावतीला वाटलं होतं, तेव्हा कोणी बघत नव्हतं. "लालचा पोचतो," ती म्हणाली. "निळ्याचा नाही."

हैबतराव उभे राहिले. "वयनी, तुमच्या मनात काय हाय ते कळलं मला. आपल्यात बाईमानूस नांगराला हात लावत नाय."

"नाय लावत."

"तुमच्या सासूबाईंनी पन नाय लावला."

"नाय लावला. नांगर पुजायची. हळद-कुंकू लावायची, नारळ फोडायची, आनि बाजूला व्हायची. मी बी तेच केलं."

"मग?"

"मग मला सांगा भावजी, ह्याला नांगर हाय कुठं?"

"तो मागं फिरतो तो नांगरच की!"

"बरं, नांगर. मग तुमी तीन दिस जू घेऊन फिरताय, ते ह्याच्या कुठल्या मानेवर ठेवनार ते दाखवा. दाखवलंत तर ही बाजूला व्हईल."

पोपट फस्सकन हसला आणि बापाकडं पाहून गप्प झाला. हैबतरावांनी लालकडं पाहिलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. ते खरोखरच मान शोधत होते. प्रश्न त्यांनी टाळला नाही, हे कृष्णाबाईंना फार आवडलं. ह्या माणसानं आज स्वतःचा दगड उपटला होता; आता हाही उपटायला सांगणं जास्त होतंय, हे त्यांना कळत होतं. पण मघाशी मुलगा आकाशाकडं तोंड करून उठला होता, आणि त्या वेळात त्यांनी सगळ्या देवांची नावं घ्यायला सुरुवात केली होती आणि एकही पुरं झालं नव्हतं.

"लोक बोलतील," हैबतराव शेवटी म्हणाले.

"बोलू देत. चार दिस पानी हाय, तवर आपल्याला ऐकायला येळ नाय."

हैबतरावांनी उपळ्याच्या बाजूला नजर टाकली. मग कुंपणाकडं गेले आणि निरगुडीच्या फांद्या मोडून आणल्या. धोतर खोचून पाण्यात उतरले. दुखऱ्या गुडघ्यांनी, पायांनी तळ चाचपत चाचपत त्यांनी उपळ्याभोवती फांद्या रोवायला सुरुवात केली. डोळे मिटले होते. पाऊल टाकायचं, थांबायचं, अंगठा खाली दाबायचा, आणि एकतर मान हलवून फांदी रोवायची नाहीतर पुढं सरकायचं. त्यांच्या पायांना त्या शेताचा तळ घरातल्या अंधाऱ्या माजघरासारखा माहीत होता. गुणाजी नुसता बघत राहिला.

"ह्याच्या आत यायचं नाय," ते बाहेर येऊन चंद्रावतीला म्हणाले. तिच्याकडं न बघता. "भायर कुठं बी जा. भायर तळ हाय. मी सांगतो."

कृष्णाबाईंनी ट्रॅक्टरच्या पूजेसाठी आणलेला कुंकवाचा करंडा सुनेच्या हातात दिला. "लाव. आनि ह्या खेपेला बाजूला होऊ नको. वर चढ."

---

लाल ट्रॅक्टर दगडांच्या जागेतून गेला तेव्हा दोन्ही बाजूंना भरपूर वाट होती. तरी चंद्रावतीनं श्वास आत ओढून धरला.

साडी तिनं गुडघ्यापर्यंत खोचली होती. गुणाजी बाजूच्या बांधावरून चालत होता आणि सांगत होता, "पहिला गिअर, वहिनी. फक्त पहिला. घाई नाही." तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पुढची चाकं पाण्यात उतरली. मग सगळा ट्रॅक्टर खाली गेला, आणि तिला वाटलं, आता थांबणार नाही, असाच जात राहणार. पण वीतभर खाली तळ लागला. घट्ट. काकांनी सांगितलं होतं तसा.

तिनं रोटर खाली सोडला.

मागून जो आवाज आला तो तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. काठावरून ऐकलेला वेगळा होता. हा तिच्या पाठीच्या मणक्यातून वर आला. तिनं एकदाच मागं वळून पाहिलं. उभं पाणी, गेल्या वर्षीची धसकटं, गवत, शेवाळ, सगळं तिच्या मागं एकजीव होत होतं. ही जमीन पाच वर्षं ती बांधावरून बघत आली होती. इथं लावणी केली, वाल तोडले, उन्हात भाकरी आणली. पण ही आतून अशी काळी असते, तिला असा वास असतो, ती अशी हलते, हे तिला माहीतच नव्हतं. पोटातलं मूल पहिल्यांदा हललं होतं तेव्हाही ती अशीच जागच्या जागी थांबली होती.

कडेचा बांध आला. तिनं वेग कमी केला, एका चाकाचा ब्रेक दाबला, वळवलं. लाल निमूट वळला. फांद्यांपासून चार हात राखून ती दुसऱ्या बाजूनं परत निघाली.

"लालच!" बांधावर कृष्णाबाई गुणाजीला सांगत होत्या. "निळा भायर काढ आनि घेऊन जा." पोपटनं निळ्याला दोर बांधायला घेतला होता, पँट वर केली होती आणि तक्रार करत होता, पण चिखलात होता. तिला ऐकू काहीच येत नव्हतं. नुसते हलणारे हात आणि तोंडं दिसत होती.

तिसऱ्या वळणावर तिनं महिपतीला पाहिलं.

पेंढ्याच्या उडवीशी, घोंगडीवर, चिखल वाळलेल्या पायांनी तो आडवा झाला होता. तोंड उघडं, एक हात डोक्याखाली. भर उन्हात, ट्रॅक्टरच्या एवढ्या आवाजात. बायजा त्याच्याजवळ उकिडवी बसून पेंढीतल्या काडीनं त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत होती.

त्याचे डोळे पूर्ण मिटलेले होते. चंद्रावतीनं ते एवढ्या लांबूनही नीट बघून घेतलं. मग तिनं समोर नजर लावली आणि पुढचा पट्टा धरला.